डांब बोर्डाचा, लाईन अक्काची

परवा आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाद पेटला. लाईट देणाऱ्या कंपनीनं इंटरनेटही द्यावं का, हा विषय. एक जण म्हणाला, द्यावं की, विजेचे डांब त्यांचेच आहेत, वर अजून एक तार ओढायला काय लागतं? दुसरा म्हणाला, आधी लाईट तरी नीट द्या म्हणावं, मग नेटचं बघू. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी अर्थशास्त्राची पदवीधर, तीही पहिल्या वर्गातली. आमच्या घराण्यातल्या मागच्या पिढ्या सांगोल्याच्या माळावर मेंढरांमागं फिरल्या. कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. मत द्यायचं म्हटलं की मी एरवी मागं हटत नाही. पण त्या दिवशी तोंड उघडलं आणि राजमणी अक्का आठवली. "मी बाजूनं पण आहे आणि विरोधात पण आहे," एवढंच म्हणाले. सगळे हसले. त्यांना काही कळलं नाही. मलाही नीट कळलेलं नाही, म्हणून लिहून बघते.

सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत लाईट गेली की लोक अक्काला फोन लावायचे. अक्काचा आणि लाईटीचा तसा काडीचा संबंध नव्हता. अक्का गल्लीला इंटरनेट पुरवायची आणि लाईट पुरवायची वीज कंपनी, जिला आमच्याकडं अजूनही सगळे बोर्डच म्हणतात. पण दोन्ही एकाच डांबावरनं घरात शिरायचं, आणि लाईट गेली की पंखा, टीव्ही, नेट सगळं एकदमच मान टाकायचं. बोर्डाच्या नंबरावर एक बाई आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत थांबायला सांगायची. अक्का पहिल्या रिंगला फोन उचलायची, आणि 'हॅलो'च्या जागी तिचा एकच प्रश्न असायचा, "आतली का बाहेरची?"

म्हणजे तुमच्या एकट्या घरातली गेली का गल्लीची गेली.

"बाहेरची अक्का. सगळीकडं अंधार हाय."

"मग मला कशाला इचारतीस? मी काय धरणावर बसलीय व्हय?" असं म्हणून ती फोन ठेवायची आणि लगेच आमच्या भागाच्या वायरमनला, रज्जाकभाईंना लावायची. "रज्जाकभाई, आमच्याकडची गेली की. जेवाय बसला असाल तर खाऊन या. पण या."

एकदा समोरच्या सुमनकाकू जळका मिक्सर पदराखाली धरून अक्काच्या दारात उभ्या राहिल्या. लाईट कमीजास्त झाली होती आणि मिक्सरनं धूर काढला होता. "अक्का, तुझ्या लाईनीनं माझा मिक्सर खाल्ला," काकू म्हणाल्या. मला वाटलं, आता अक्का काकूंना चांगलं सुनावणार. अक्कानं मिक्सर हातात घेतला, नाकाशी नेला आणि विचारलं, "शेंगाची चटणी करत होतीस काय? लई जाड कूट घातलंस." आणि स्वतः तो दुरुस्तीच्या दुकानात टाकून आली.

मी म्हणाले, "अक्का, तुझा काय संबंध? सांगायचं ना काकूंना."

"काय सांगू? ह्या वायरीतनं लाईट येती, त्या वायरीतनं नेट येतं, असं? तिला डांब दिसतो. डांबाखाली मी दिसते."

दिसण्यासारखीच होती ती. ठेंगणी, रुंद, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या. सुती साडी पोटरीपर्यंत खोचलेली आणि वरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. खांद्यावर लांब बांबू, त्याच्या टोकाला लोखंडी आकडा. वायर खाली लोंबली की त्या आकड्यानं ती उचलून ठेवायची. माहेर-सासर दोन्ही विणकरांचं. बहिणीशी तेलुगूत बोलायची, रज्जाकभाईंशी त्यांच्या दखनीत, आमच्याशी आमच्यासारखं. तिघांत भांडण असलं तर तिन्ही भाषा एकाच वाक्यात.

तिचा नवरा शंकरअण्णा. टीव्हीला केबल लागायचे दिवस आले तेव्हा त्यानं गच्चीवर मोठी छत्री बसवून गल्लीत वायरी ओढल्या होत्या. तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, धंदा विकून टाक. अक्का तोवर घरात बिड्या वळत होती. ती म्हणाली, "बघू की," आणि बांबू खांद्यावर टाकला. केबलचं नेट झालं, तांब्याच्या वायरीचं फायबर झालं, तसतशी ती शिकत गेली. अधूनमधून अर्धी गल्ली बंद पाडून शिकत गेली हेही खरं. लेक भिवंडीला दिलेली, ती सारखी "आई, आता इकडं ये" म्हणायची. अक्का तिलाही "बघू की" म्हणायची.

बिड्या सुटल्या तरी बोटं सुटली नव्हती. हाताला कागद लागला की त्याची सुरळी व्हायची. एसटीचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, लग्नपत्रिकेचा कोपरा. बोलता बोलता फाडायची, वळायची, टोक आत मुडपायची. तिच्या दारात नेहमी असल्या कागदी बिड्या पडलेल्या. केर काढताना आपणच म्हणायची, "कोन बाई एवढा कचरा करतंय?"

गल्लीतल्या डांबावर तिच्या वायरींचं रान होतं. कुठली वायर कुणाच्या घरची, हे कळावं म्हणून तिनं प्रत्येकीला चिंधी बांधली होती. आमचे आबा, म्हणजे वडील, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात होते, तिथं मागावर कापून पडणाऱ्या काठाच्या पट्ट्या ते तिला आणून द्यायचे. सुमनकाकूंची हिरवी, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची निळी, आमची लाल-पिवळी. वारा सुटला की डांब सणासारखा दिसायचा. रज्जाकभाई वर चढायचे आणि तिथूनच ओरडायचे, "क्या अक्का, खंबे पे कपडे सुकाने डाले क्या? मेरेकू पाँव रखने तो जगा छोडो!"

"डांब तुमच्या बापाचा हाय व्हय?"

"बाप का नै, बोर्ड का है!"

"डांब बोर्डाचा, आनि गल्ली कुनाची? उतरा खाली, चहा निवतोय."

हे भांडण दर वेळी ह्याच शब्दांत व्हायचं आणि दोघांनाही त्याचा कंटाळा नव्हता. वायरी टाकायची परवानगी तिच्याकडं नव्हती, हे त्यांना माहीत होतं. आणि वादळात एखादी तार तुटून खाली पडली तर त्यांच्या आधी अक्का तिथं बांबू आडवा धरून पोरांना लांब ठेवते, हेही. खंडेनवमीला ती तिचा बांबू, शिडी, फायबर जोडायचं यंत्र डांबाच्या पायथ्याशी मांडायची, डांबाला हळद-कुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची. रज्जाकभाई आपली पकड आणि रबरी हातमोजे त्याच रांगेत आणून ठेवायचे. नारळ अक्काच फोडायची, डांबावर नाही, शेजारच्या दगडावर, कारण डांब बोर्डाचा.

तिचं सगळंच बरोबर असायचं असं समजू नका. उन्हाळ्यात नेट सुस्त होतं, कारण वायर तापते, असं तिचं ठाम मत. गिऱ्हाइकाला सांगायची, नेटचा डबा माठाजवळ ठेवा. मी तिला समजावलं, "अक्का, फायबर म्हणजे काच. काचेतनं उजेड पळतो. त्याला उन्हाचं काय?"

"उजेडाला ऊन लागत न्हाय व्हय? बरं. तू शिकलीस, मंगलम्मा, तुला ठाऊक."

आणि त्या वर्षी आम्ही डबा माठाजवळ ठेवला, तर नेट सुधारलं. का सुधारलं ते मला आजही सांगता येत नाही. फायबरबद्दल एक नियम मात्र ती पक्का पाळायची. हाताखाली कुणी नवा माणूस आला की पहिलं वाक्य, "वाकवू नगंस. आत काच हाय, मोडंल. बाळंतिणीसारखं धर."

आता तिच्या बहिणीबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळा घोळ तिथनं सुरू झाला. रुक्मा, अक्काची धाकटी बहीण, अक्कलकोटच्याही पलीकडं एका गावात दिलेली. तिथं निम्मं गाव कन्नड बोलतं. एका बारशाला अक्का मला सोबत घेऊन गेली. रुक्माची मोठी पोरगी कॉलेजच्या परीक्षेचा अभ्यास मोबाईलवर करायची आणि त्यासाठी गावच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर जाऊन बसायची, कारण घरात फोन लागायचा, पण नेट तेवढ्याच पायऱ्यांवर यायचं. अक्कानं खालनं विचारलं, "येतंय का ग?" तर टाकीखाली खेळणारी पोरंच ओरडली, "नेट इल्ला! नेट इल्ला!" नेट नाही म्हणून ती पोरं नाचत होती.

अक्का घरी आली आणि रुक्माच्या दारातल्या डांबाखाली उभी राहिली. बराच वेळ वर बघत होती. आत बारशाचा पाळणा चाललेला.

"मंगलम्मा, डांब हाय. तार हाय. लाईट हाय. मग नेटानंच काय घोडं मारलंय?"

सोलापुरात परत आल्यावर तिनं ज्या मोठ्या कंपनीचं नेट ती विकायची, तिच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, घरं कमी, परवडत नाही. तिनं स्वतःची वायर नेता येईल का तेही बघितलं. नेता येईना. तेवढ्यावर विषय संपला असं मला वाटलं.

मग एक दिवस पेपरात आलं की वीज कंपनी आता आपल्या डांबांवरनं इंटरनेटही देणार म्हणते. तसं करू द्यावं का, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला साहेब येणार, सुनावणी होणार. आणि होकार मिळाला तर डांबांवरच्या बाकीच्यांच्या वायरी उतरवायच्या. अक्का पेपर घेऊन आमच्या दारात आली. निम्मा पेपर सुरळ्या होऊन गेलेला.

"माझी लाईन काढाय निघालेत की ग," ती म्हणाली. असा बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "तू शिकलीस. तितं उभं राहून काय बोलायचं ते सांग."

मी बसले आणि झकास लिहून काढलं. लाईट आणि नेट एकाच्याच हातात गेलं तर माणसानं भांडायचं कुणाशी? नेटात तोटा आला तर तो लाईटच्या बिलात घालून आपल्याकडनंच वसूल होणार नाही कशावरून? आणि ज्यांनी गल्लीगल्लीत वायरी ओढून पोट भरलं त्या बारक्या लोकांचं काय? कॉलेजात शिकलेले 'मक्तेदारी'सारखे शब्द जागच्या जागी बसवले. आबा ऐकून म्हणाले, "आमची मंगल वकील व्हायला पाहिजे होती."

अक्कानं मान डोलावली. "लई भारी लिवलंस. पण एक सांग. दोन्ही एकाच हातात गेलं तर वंगाळ, म्हनतीस. आता पण गल्लीत दोन्ही एकाच हातात हाय की. माझ्या."

"ते तसं नाही अक्का."

"मग कसं?"

मी कागद पुन्हा वरनं खाली वाचायला लागले. ती म्हणाली, "बरं, राहू दे. तू लिवलंय म्हंजे बरोबर असंल."

सुनावणीला ती नारायणपेठ साडी नेसून आली. शर्ट नाही, बांबू नाही, त्यामुळं अर्धीच वाटत होती. सभागृह भरलेलं. मंचावर साहेब लोक, पुढं एका बाजूला शहरातले सगळे केबलवाले ओळीनं, चेहरे तापलेले. वीज कंपनीच्या साहेबांनी पडद्यावर नकाशे दाखवले आणि म्हणाले, "जिथं जिथं आमचा खांब, तिथं तिथं इंटरनेट."

अक्कानं मला कोपर मारलं. "तितं तितं म्हंजे रुक्माच्या पण?"

"असं म्हणतायत. खरं काय ते देव जाणे. तू तुझं बोल."

 पुढचे एकेक जण बोलत होते, टाळ्या पडत होत्या. तिच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मी म्हणाले, "कागद घे," आणि तिच्या मांडीकडं बघितलं. माझ्या भाषणाच्या बिड्या झाल्या होत्या. नीट, सारख्या आकाराच्या, टोकं मुडपलेल्या. एकीच्या पोटावर 'मक्ते' एवढी अक्षरं दिसत होती. तिनं त्या माझ्या ओंजळीत ओतल्या आणि माईककडं गेली.

"नमस्कार. मी राजमणी. शुक्रवार पेठ. मी तुमच्या डांबावर वायरी टाकल्यात. परवानगी घेतली न्हाय."

सभागृह हसलं. मधल्या खुर्चीवरचे साहेब म्हणाले, "बाई, ते असू द्या. प्रस्तावावर बोला. तुम्ही विरोधात आहात ना?"

"व्हय. विरोधात. तुमचं नेट गल्लीत आलं की माझं मेलं. लिवा."

केबलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आनि बाजूनं पण लिवा."

टाळ्या थांबल्या. साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"माझ्या भनीच्या गावात तुमचा डांब हाय. तितं मी जाऊ शकत न्हाय, मला झेपत न्हाय. मोठी कंपनी जात न्हाय, तिला परवडत न्हाय. तुमी तितं लाईट नेली तवा परवडतंय का बघितलं व्हतं का? न्हाय की. गाव हाय म्हनून नेली. मग नेट बी न्या."

"बाई, एक काहीतरी सांगा. बाजूनं की विरोधात?"

"गावात बाजूनं. गल्लीत विरोधात."

"अहो, प्रस्ताव एकच आहे!"

"मग प्रस्ताव चुकलाय साहेब. मी कशी चुकीची?"

आता मात्र सगळं सभागृह हसलं. ती हसली नाही. माईक दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "आनि एक. तुमचं नेट माझ्या भनीच्या डांबावर चडल्याशिवाय माझी वायर गल्लीतल्या डांबावरनं उतरनार न्हाय. ते पण लिवा."

"नोंद घेतली," साहेब म्हणाले. तशी ते सगळ्यांचीच घेत होते.

बाहेर आल्यावर केबलवाल्यांनी तिला गराडा घातला. "अक्का, आपल्याच माणसांचा घात केलास," एक जण तोंडावर म्हणाला. शंकरअण्णाच्या बरोबरीनं धंद्यात आलेला माणूस तो. त्यानं तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलं. रिक्षात मी तिला विचारलं, "असं का बोललीस? तुझं तुलाच बुडवणारं?"

"माईक तोंडाशी आला आनि रुक्माची पोरगी टाकीवर चडलेली दिसली. मग तुझं सगळं इसरलं."

"पण मी लिहून दिलेलं..."

"त्याच्या बिड्या झाल्या की."

मी त्या बिड्या रिक्षात उलगडून बघत बसले. एकही मुद्दा चुकीचा नव्हता. आजही वाचले तर चुकीचे वाटणार नाहीत. आणि ती बोलली तेही चुकीचं नव्हतं. दोन्ही बरोबर असतील तर उत्तर काय, हे आम्हाला परीक्षेच्या कुठल्या पेपरात विचारलं नव्हतं.

वीज कंपनीला परवानगी मिळाली. आणि त्यांचं नेट पहिल्यांदा कुठं आलं असेल? आमच्या गल्लीत, जिथं ते आधीपासून होतं. रुक्माच्या गावात म्हणे सर्व्हे झाला. गल्लीतले लोक हळूहळू तिकडं वळले, आणि वळताना प्रत्येक जण अक्काच्या दारात येऊन "राग धरू नको" म्हणून गेला. अक्काच त्यांना धीर द्यायची. सुमनकाकू तर रडल्या. अक्का म्हणाली, "रडतीस कशाला? ह्या नेटानं मिक्सर जाळला तर तितं घेऊन जा."

मी म्हणाले, आपण अक्काचंच ठेवायचं. दुसऱ्याच दिवशी अक्का आली. "मंगलम्मा, बोर्डाचं घे. तुझं ऑफिसचं काम असतंय. माझं आता लंगडतंय." मी तिचंही ठेवलं आणि बोर्डाचंही घेतलं. अर्थशास्त्र शिकलेल्या बाईच्या घरात एकाच कामाला दोन वायरी. आबा रोज विचारायचे, "आज कुणाचं चालू हाय?"

वायरी उतरवायचा हुकूम रज्जाकभाईंच्या हातात पडला. ते शिडी घेऊन आले. अक्का दारात बसली होती.

"अक्का, आर्डर है."

"गावात आलं का?"

"सर्वे हुआ बोल्के सुना मैं."

"सर्व्हेवर पोरगी अभ्यास करती व्हय? जावा माघारी."

ते गेले. वरच्या साहेबांना काय सांगितलं कुणास ठाऊक. पुढच्या खेपेला म्हणे डांबावर गांधीलमाश्यांचं पोळं निघालं. त्यानंतर शिडीची पायरी मोडली. मग पाऊस. एवढी संकटं आमच्या डांबावर कधी आली नव्हती.

अक्का रोज सकाळी रुक्माला फोन लावायची आणि पहिला शब्द विचारायची, "वच्चिंदा?" आलं का? पलीकडनं यायचं, "राले." नाही आलं. गल्लीला तेवढं तेलुगू पाठ झालं. शाळेला निघालेली पोरं तिच्या दारावरनं जाताना ओरडायची, "अक्का, वच्चिंदा?" आणि अक्का म्हणायची, "राले, राले, पळा." ती जिंकावी असं मला वाटत होतं. पण ती जिंकली म्हणजे तिची लाईन जाणार होती. गावात नेट यावं असं म्हणावं तर अक्का संपते, येऊ नये म्हणावं तर ती पोरगी टाकीवर.  रोज सकाळी कान देऊन 'राले' ऐकायचे आणि बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच कसंतरी व्हायचं.

एका रविवारी दुपारी मी अक्काकडं बसले होते आणि तिचा फोन वाजला. रुक्मा, व्हिडिओवर. आधी कधी तिचा व्हिडिओ यायचा नाही. पडद्यावर रुक्माचा चेहरा, मागं पोरगी उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसलेली. उंबऱ्यावर, टाकीवर नाही. दोघी बहिणी एकदमच बोलायला लागल्या, काय ते मला कळलं नाही. आणि मध्येच रुक्मा थांबली. तोंड उघडं, एक हात वर. चित्र अडकलं होतं. अक्का बोलतच राहिली, हसत राहिली, मग तिच्या लक्षात आलं. तिनं पडद्यावर बोटानं हळूच टकटक केलं. पलीकडनं "अक्का... अक्..." एवढं आलं आणि आवाजही गेला.

तिकडचं बोर्डाचं अडकलं का इकडचं अक्काचं, ते कळायला मार्ग नव्हता. आम्ही दोघी त्या उघड्या तोंडाकडं बघत बसलो.

"आलं की," अक्का म्हणाली.

"अक्का, अडकलंय ते. आलं कसं म्हणतेस?"

"आलं म्हनून अडकलं. न आलेलं कसं अडकंल?"

 मी सांगितलं, अजून थोडे दिवस बघ, नीट चालतंय का ते तरी बघ. तिनं रज्जाकभाईंना फोन लावला. "शिडी आना," म्हणाली. "पायरी बसवली असंल तर."

ते संध्याकाळी उजेड असतानाच आले. दुसऱ्या कुणाला पाठवतो म्हणाले होते, अक्का म्हणाली, तुमीच पाहिजे. त्यांनी आधी गल्लीच्या टोकाला जाऊन डीपीवरनं लाईट बंद केली, मग वर चढले. आज डांबावर पाय ठेवायला जागा नाही म्हणून ते ओरडले नाहीत. एकेक चिंधी सोडायचे, रंग सांगायचे आणि वायर खाली सोडायचे. "हरा." "नीला." अक्का खाली उभी, शर्ट घातलेला. चिंध्या खिशात घालत होती. आणि वायर, मी बघतच राहिले, वायर ती गुंडाळत होती अंगठा आणि कोपराच्या मध्ये, करकचून, तिच्या माहेरी बायका सुताच्या लडी करायच्या तशी. फायबर. जे वाकवू नका म्हणून तिनं जन्मभर लोकांच्या अंगावर खेकसून सांगितलं.

"अक्का, मोडतंय की ग."

"मोडू दे की," ती म्हणाली. हात थांबला नाही. "आता काय पळायचं हाय त्यातनं."

तेवढ्यात दारं उघडायला लागली. पंखे थांबले होते, मालिका थांबल्या होत्या. सुमनकाकू ओट्यावर आल्या, किराणावाला रस्त्यावर आला, आणि नेहमीच्या सवयीनं चारी बाजूंनी सुरू झालं, "अक्का, लाईट गेली की! अक्का, कधी येणार?"

अक्कानं मान वर केली नाही. "बाहेरची हाय. मीच बंद कराय लावलीय. थांबा जरा."

सगळे थांबले. शेवटची वायर आमची निघाली, लाल-पिवळी. रज्जाकभाई उतरले, डीपीकडं गेले. आणि एकदम सगळ्या घरांत उजेड पडला, पंखे गरगरले, कुणाच्या तरी टीव्हीतली बाई अर्ध्या वाक्यावरनं पुढं बोलायला लागली. नेटही आलं असणार, बोर्डाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अक्का लेकीकडं भिवंडीला गेली. मी ऑफिसात होते. त्यामुळं ती मला शेवटची दिसली ती अशीच, डांबाखाली, दोन्ही हातांत कोपरापर्यंत वायरीच्या लडी. तिनं गल्लीभर नजर फिरवली.

"आली का सगळ्यांची?"

"आली अक्का!" सगळीकडनं आवाज आला.

"मग झालं," म्हणून ती आपल्या दाराकडं वळली. तिच्या एकटीच्या घरात अंधार होता. उंबऱ्यावर थांबून तिनं मला हाक मारली. "मंगलम्मा, हात गुतलेत बघ. माझं तेवढं बटन दाब की."